कवटीचा चकवा : ध्वनीने मेंदू गाठण्याची शंभर वर्षे

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ येथील संशोधकांनी २५६ ध्वनिस्रोत बसवलेले एक शिरस्त्राण तयार केले होते. सात स्वयंसेवकांच्या डोक्याभोवती ते बसवून त्यांनी मेंदूच्या अगदी आतल्या भागातील एका लहानशा केंद्रावर श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे अल्ट्रासाऊंड, एकवटला. डोळ्यांकडून आलेले संदेश पुढे पाठवणे हे या केंद्राचे काम. त्याच वेळी घेतलेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिक्षेत्राचा प्रतिसाद बदललेला दिसला. त्वचेला चीर नाही, कवटीला छिद्र नाही, मेंदूत तार नाही. कंपवात, नैराश्य यांसारख्या विकारांवर उद्या याच मार्गाने उपचार होतील, अशी आशा त्यातून निर्माण झाली.

ही आशा निराधार नाही. मात्र तिच्यामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात दोन मोठे चकवे आहेत. रानात चकवा लागलेला वाटसरू आपण पुढेच चाललो आहोत असे समजतो आणि पहाटे पाहतो तो त्याच झाडाखाली उभा असतो. ध्वनीने मेंदू गाठू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना असा चकवा दोनदा लागला, एकदा १९४० च्या दशकात आणि एकदा अगदी अलीकडे. दोन्ही वेळा चकवा देणारी वस्तू एकच होती : माणसाची कवटी. आणि दोन्ही वेळा वाट सापडली ती नवे यंत्र आल्यामुळे नव्हे. कोणीतरी एक साधा, पण अप्रिय प्रश्न विचारल्यामुळे.

युद्धातून आलेला ध्वनी

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपने असलेला ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा ध्वनी तो श्राव्यातीत. असा ध्वनी निर्माण करण्याची किल्ली १८८० मध्ये पॅरिसमध्ये सापडली. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिले की क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो. याच्या उलटही घडते : स्फटिकाला विजेचे झटके दिले की तो थरथरतो आणि त्या थरथरण्यातून ध्वनी निघतो.

हा गुण पस्तीस वर्षे प्रयोगशाळेत पडून होता. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांची जहाजे बुडवायला सुरुवात केली, तेव्हा पॉल लांजव्हँ या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने पाण्याखाली ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधण्याचे काम हाती घेतले. पोलादाच्या दोन थरांमध्ये क्वार्ट्‌झ बसवून त्याने तीव्र ध्वनिझोत निर्माण केला. त्या वेळी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. झोताच्या वाटेत आलेले लहान मासे मरून जात आणि पाण्यात हात घातला तर वेदना होत. शोध पाणबुडीचा चालला होता. त्यातून कळले ते हे की हा ध्वनी सजीवांच्या देहात काहीतरी घडवतो.

तूलाँच्या नौदल तळावर हे प्रयोग पाहणाऱ्यांत रॉबर्ट वूड हा अमेरिकन शास्त्रज्ञ होता. पुढे त्याने आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य विज्ञानप्रेमीसह न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क येथील खासगी प्रयोगशाळेत तीव्र ध्वनीच्या भौतिक आणि जैविक परिणामांचा अभ्यास केला आणि १९२७ मध्ये तो प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, प्रिन्स्टनच्या न्यूटन हार्वे याने बेडूक आणि कासव यांच्या हृदयाच्या स्नायूवर असा ध्वनी सोडला आणि तो स्नायू उद्दीपित होतो अशी नोंद केली. ध्वनीने उत्तेजनक्षम ऊती चाळवता येतात, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. आज ती ‘नवी’ म्हणून सांगितली जाते, तेव्हा हे स्मरणात असावे.

या काळात भारतातही श्राव्यातीत ध्वनीवर मोलाचे काम झाले. अशा ध्वनीने भरलेल्या द्रवातून प्रकाश गेला की त्याचे पट्टे पडतात, हे १९३२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स येथे स्वतंत्रपणे दिसले होते. ते पट्टे तसेच का पडतात, याचा सिद्धान्त १९३५-३६ मध्ये बंगळूरहून आला. चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांच्या या निबंधमालेला आजही ‘रामन-नाथ सिद्धान्त’ म्हणूनच ओळखले जाते. न दिसणारा ध्वनी प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्यांना कसा दिसू शकतो, याचे गणित त्यात होते. द्रवाच्या स्वच्छ पात्रात हे शक्य होते. जिवंत माणसाच्या डोक्यात मात्र ध्वनी नेमका कुठे जातो, हे पाहण्याची सोय नव्हती, आणि पहिला चकवा तिथेच लागला.

पहिला चकवा : रिकाम्या कवटीतील मेंदू

त्या काळी मेंदूतील गाठ शोधणे हे वैद्यकातील सर्वांत अवघड कामांपैकी एक होते. क्ष-किरणांत कवटी स्पष्ट दिसे, पण तिच्या आतला मऊ मेंदू दिसत नसे. १९१८ पासून वॉल्टर डँडी या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या पद्धतीने मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांत हवा भरून छायाचित्र घेतले जाई. त्या पोकळ्यांचा आकार बिघडलेला दिसला, तर जवळ गाठ असावी असा तर्क. ही तपासणी रुग्णाला अतिशय वेदना देणारी आणि धोक्याची होती.

ऑस्ट्रियातील कार्ल डुसिक या मेंदूविकारतज्ज्ञाला वाटले की ध्वनीने हे काम वेदनेविना होईल. डोक्याच्या एका बाजूला ध्वनी सोडणारा स्फटिक आणि दुसऱ्या बाजूला तो ग्रहण करणारा स्फटिक ठेवायचा. द्रवाच्या पोकळीतून ध्वनी जास्त पार होईल, मेंदूच्या ऊतीतून कमी. पलीकडे पोहोचलेल्या ध्वनीच्या तीव्रतेनुसार छायाचित्राच्या कागदावर उजळ-काळे ठिपके उमटवायचे. १९४२ मध्ये त्याने ही कल्पना प्रसिद्ध केली आणि युद्धानंतर प्रत्यक्ष चित्रे मांडली. त्यांत मेंदूच्या पोकळ्यांसारखे आकार दिसत होते. वैद्यकीय निदानासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि बोस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांनी त्यावर पुढचे काम सुरू केले.

मग १९५२ मध्ये जर्मनीत ग्युटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. मेंदू नसलेली कवटी त्यांनी पाण्यात ठेवली आणि तिचे त्याच पद्धतीने चित्र घेतले. चित्रात मेंदूच्या पोकळ्यांसारखे आकार उमटले. मेंदूच नव्हता, तरी ‘मेंदूचे’ चित्र आले.

कारण कवटीच्या हाडात होते. हाड सगळीकडे सारख्या जाडीचे नसते. ते ध्वनी इतका शोषून घेते आणि विखुरते, की पलीकडे पोहोचणाऱ्या ध्वनीतील चढउतार मुख्यतः हाडाच्या जाडीचे असतात. मेंदूमुळे पडणारा बारीकसा फरक त्यात बुडून जातो. चित्रात दिसत होती ती कवटीची सावली. बोस्टनच्या गटानेही स्वतःच्या प्रयोगांत हेच पडताळून पाहिले आणि ही वाट सोडून दिली.

डुसिक लबाड नव्हता. शरीररचनेच्या पुस्तकात जे आकार पाहिले होते, तेच त्याला कागदावर दिसले. अपेक्षेप्रमाणे आलेल्या उत्तराची कोणी सहसा उलटतपासणी घेत नाही, हीच त्यातली मेख होती. याच सुमारास स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल याने प्रतिध्वनीचे तंत्र वापरून ध्वनीला फार छोटा प्रश्न विचारला : मेंदूची मधली रेषा जागेवर आहे की एका बाजूला सरकली आहे? डोक्याला मार लागून आत रक्त साचले, तर ती सरकते. ध्वनीने या प्रश्नाचे खरे उत्तर दिले आणि सीटी स्कॅन येईपर्यंत ही तपासणी अनेक रुग्णालयांत उपयोगी पडली.

हाड बाजूला सारून

कवटीपुढे हार मानायची नसेल, तर एक उपाय उरतो : तिचा तुकडा काढून टाकायचा. इलिनॉय विद्यापीठात विल्यम फ्राय याने तेच केले. युद्धकाळात तो अमेरिकन नौदलासाठी पाण्याखालच्या ध्वनियंत्रांवर काम करीत होता. १९४६ मध्ये त्याने अर्बाना येथे जैवध्वनिकीची प्रयोगशाळा स्थापन केली. भाऊ फ्रान्सिस त्याचा सहकारी झाला. त्याआधी, १९४२ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातील लिन आणि सहकाऱ्यांनी एकवटलेल्या ध्वनीने प्राण्यांच्या मेंदूत जखम करून पाहिली होती. पण वाटेतील त्वचा आणि हाड यांनाच अधिक इजा होत असे. फ्राय बंधूंनी हाडाचा भाग काढून अनेक दिशांनी आलेले झोत एका बिंदूवर आणले. प्रत्येक झोत एकटा निरुपद्रवी. सगळे जिथे भेटतील तिथेच परिणाम. भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद जाळावा, तशी ही कल्पना. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा विद्यापीठातील रसेल मेयर्स या शल्यचिकित्सकासह त्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर हे उपचारही केले.

या संशोधनाचा सर्वांत दूरगामी भाग मात्र १९५८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या दोन पानांच्या निबंधात होता. मांजराच्या डोळ्यांपुढे प्रकाशाचा लखलखाट केला की मेंदूच्या दृष्टिक्षेत्रात विद्युत प्रतिसाद उमटतो. फ्राय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दृष्टिसंदेशांच्या वाटेवरील त्याच लहानशा केंद्रावर, ज्यावर २०२५ मध्ये लंडनच्या गटाने नेम धरला, ध्वनी सोडला. प्रतिसाद मंदावला आणि काही वेळाने पूर्ववत झाला. मेंदूचा एक भाग न जाळता, न कापता, काही काळ शांत करता येतो, असा हा दावा होता.

तरीही हे क्षेत्र थंडावले. हाड कापावेच लागत असेल, तर शस्त्रक्रियेपेक्षा यात फायदा कोणता, हा प्रश्न राहिलाच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कंपवातावर लेव्होडोपा हे प्रभावी औषध आले. १९६८ मध्ये विल्यम फ्राय मरण पावला. त्याच वर्षी, एकेकाळी ध्वनीवर काम करणाऱ्या लेक्सेलने गॅमा किरणांनी मेंदूवर उपचार करणारे यंत्र प्रत्यक्षात आणले. किरणांना हाडाचा अडसर नव्हता. फ्रान्सिस फ्राय मात्र थांबला नाही. ध्वनीची वारंवारता पुरेशी कमी ठेवली तर तो अखंड मानवी कवटीतूनही एकवटता येतो, हे त्याने १९७० च्या दशकात दाखवले. तिकडे सोव्हिएत संघात लिओनिद गॅव्हरिलोव्ह आणि सहकाऱ्यांनी हाताच्या त्वचेवर एकवटलेला ध्वनी सोडून स्पर्श, ऊब आणि वेदना या संवेदना जागवल्या. ही कामे वर्षानुवर्षे मोजक्या तज्ज्ञांपुरतीच राहिली.

कवटीशी तह

कवटीवर मात झाली ती बळाने नव्हे, गणिताने. पाण्यात आणि मऊ ऊतीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. कवटीच्या घट्ट हाडात तो जवळजवळ दुप्पट होतो. जाड हाडातून गेलेली लाट पुढे निघते, पातळ हाडातून गेलेली मागे राहते आणि एकत्र पोहोचायला हव्या असलेल्या लाटांची ताटातूट होते. उपाय असा : ध्वनिस्रोत एक न ठेवता शेकडो ठेवायचे आणि प्रत्येकाला कवटीच्या त्या जागेच्या जाडीनुसार किंचित आधी किंवा उशिरा सुरू करायचे. पॅरिसमध्ये मातियास फिंक याच्या गटाने, तर बोस्टनमध्ये कुलेर्वो हाय्निनेन आणि फेरेंक योलेश यांनी १९९० च्या दशकात या दिशेने निर्णायक काम केले. कवटीचा नकाशा सीटी स्कॅनमधून मिळू लागला आणि आतले तापमान एमआरआयने मोजता येऊ लागले.

त्यातून १,०२४ ध्वनिस्रोतांचे उपचारयंत्र तयार झाले. झ्युरिकमध्ये त्याचा वापर आधी दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांवर झाला. त्याचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ‘इसेन्शियल ट्रेमर’ या विकारावर ते आजमावले गेले. यात रुग्णाचे हात इतके थरथरतात की चहाचा कप तोंडाशी नेणे किंवा सही करणे अशक्य होते. उपचाराच्या वेळी रुग्ण जागा असतो. थॅलॅमसमधील काही मिलिमीटरचा भाग ध्वनीने तापवून कायमचा निकामी केला जातो आणि मधूनमधून रुग्णाला कागदावर गोल वळणे काढायला सांगून हाताचा कंप तपासला जातो.

२०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. ७६ रुग्णांपैकी ५६ जणांवर खरा उपचार झाला. उरलेल्या २० जणांचेही डोके भादरले, तेच यंत्र बसवले, तितकाच वेळ त्यांना एमआरआयमध्ये ठेवले. फक्त ध्वनी सोडला नाही. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात हाताच्या कंपाचे गुण सरासरी १८.१ वरून ९.६ वर आले. लटक्या उपचाराच्या गटात १६.० वरून जेमतेम १५.८. यशाबरोबर किंमतही नोंदली गेली : चालण्यात अडखळण्याचा त्रास ३६ टक्के आणि बधिरपणा किंवा मुंग्या ३८ टक्के रुग्णांना झाला, वर्षानंतरही हे त्रास अनुक्रमे ९ आणि १४ टक्क्यांमध्ये उरले. त्याच वर्षी अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. आता कोइमतूरसारख्या ठिकाणी भारतातही तो उपलब्ध आहे.

एक भेद इथे स्पष्ट व्हायला हवा, कारण जाहिरातींत तो पुसला जातो. हा उपचार मेंदूला ‘उद्दीपित’ करीत नाही. तो मेंदूचा एक बिंदू जाळतो. चीर नसलेली ही शस्त्रक्रियाच आहे. उद्दीपनाचा प्रश्न वेगळा आहे आणि दुसरा चकवा लागला तो त्यातच.

दुसरा चकवा : ऐकणारा उंदीर

मेंदूला बाहेरून चाळवण्याची साधने आधीपासून होती. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर याने चुंबकीय झटक्यांची पद्धत दाखवली. ती सुरक्षित, पण पृष्ठभागापासून काही सेंटीमीटरच आत पोहोचते. १९८७ मध्ये ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद याने खोल मेंदूत तार घालून विद्युत उद्दीपन सुरू केले. ते खोलवर पोहोचते, पण त्यासाठी कवटीला छिद्र पाडावे लागते. खोल आणि तरीही विनाछेद, अशी जागा रिकामी होती.

२००८ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्य विद्यापीठातील विल्यम टायलर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूच्या जिवंत कापांवर मंद श्राव्यातीत ध्वनी सोडला आणि चेतापेशी सक्रिय होतात असे दाखवले. २०१० मध्ये त्यांनी अखंड कवटीच्या उंदरांवर तेच केले. ध्वनी सोडताच त्यांचे पंजे आणि शेपटी हलू लागली. इथला ध्वनी ऊती जाळणारा नव्हता. त्याची सरासरी तीव्रता रुग्णालयातील सोनोग्राफीच्या मर्यादेतच बसणारी होती. (निदानाच्या यंत्रांसाठी अमेरिकेने घातलेली मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला ७२० मिलिवॉट आहे.) मग ससे, माकडे आणि २०१४ मध्ये माणसे, असे प्रयोग होत गेले. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बेशुद्धीतून सावरत असलेल्या २५ वर्षांच्या एका तरुणावर हे उद्दीपन करण्यात आले आणि पुढील दिवसांत त्याच्यात ठळक सुधारणा दिसली. हा योगायोगही असू शकतो, असे संशोधकांनी स्वतःच बजावले होते. मथळ्यांत ती सूचना क्वचितच उतरली.

२०१८ मध्ये ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात एकाच वेळी दोन निबंध आले. मिनेसोटा विद्यापीठातील ह्युबर्ट लिम यांच्या गटाने गिनीपिगवर, तर कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील मिखाइल शापिरो आणि डोरिस त्साओ यांच्या गटांनी उंदरांवर एक साधी गोष्ट तपासली : या प्राण्यांना काही ऐकू तर येत नाही ना? उत्तर धक्कादायक होते. ध्वनी मेंदूच्या कोणत्याही भागावर सोडला, तरी श्रवणक्षेत्र पेटून उठत होते. गिनीपिगच्या श्रवणचेता कापल्या किंवा अंतर्कर्णातील द्रव काढून घेतला, की मेंदूतील प्रतिसाद नाहीसा होई. रसायनाने बहिरे केलेल्या उंदरांच्या हालचाली लक्षणीय घटल्या. उंदराचा पंजा हलत होता, तो बहुतांशी दचकल्यामुळे.

श्राव्यातीत ध्वनी ऐकू कसा येतो? मूळ ध्वनीची वारंवारता सेकंदाला काही लाख कंपनांची, म्हणजे कानाच्या कक्षेबाहेरची असते. पण प्रयोगात तो सलग सोडत नाहीत. सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. प्रत्येक वेळी कवटीला एक सूक्ष्म झटका बसतो, आणि शेकडो झटक्यांची ती माळ नेमकी ऐकू येण्याच्या कक्षेत पडते. कानाचे डॉक्टर कंपणारा चिमटा कानामागच्या हाडावर टेकवतात आणि रुग्णाला तो हाडावाटे ऐकू येतो, तोच हा मार्ग. पुढे माणसांवरील प्रयोगांतही हे आढळले : अनेकांना उद्दीपनाच्या वेळी बारीक आवाज ऐकू येतो. म्हणजे आपल्यावर खरा प्रयोग चालू आहे की लटका, हे त्यांना कळू शकते आणि सारी तुलनाच फिसकटते.

डुसिकच्या कागदावर कवटीची सावली मेंदू म्हणून दिसली होती. सत्तर वर्षांनी कवटीचा नाद मेंदूचे उद्दीपन म्हणून मोजला गेला.

संशयातून सिद्धी

या दोन निबंधांनी क्षेत्र संपले नाही. ते शहाणे झाले. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ध्वनी झटक्याने सुरू न करता हळूहळू चढवला आणि उतरवला. श्रवणाचा प्रतिसाद गेला. स्नायूंच्या हालचाली राहिल्या, जन्मतः बहिऱ्या उंदरांतही. सगळा परिणाम कानाचा नव्हता, हे त्यातून सिद्ध झाले. माणसांवरील प्रयोगांत कानात मुद्दाम दुसरा आवाज सोडून तो नाद झाकण्याची पद्धत रूढ होऊ लागली.

२०२२ मध्ये तर संशय घेणाऱ्या शापिरो यांच्याच प्रयोगशाळेतून यंत्रणेचा उलगडा आला. बशीत वाढवलेल्या चेतापेशींना ना कान असतात ना कवटी. त्यांच्यावर ध्वनी सोडला असता पेशींच्या आवरणातील दाबाला संवेदनशील असलेली द्वारे उघडतात, कॅल्शियम आत येते, इतर द्वारे तो संकेत वाढवतात आणि पेशी सक्रिय होते, असे त्यांनी दाखवले. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत श्रीकांत चलसानी यांच्या गटाने त्याआधी, २०१५ मध्ये, सूक्ष्म कृमींच्या ठरावीक चेतापेशींत असे दाबद्वार जनुकीय मार्गाने बसवून त्या पेशी ध्वनीला प्रतिसाद देऊ लागतात, हे दाखवले होते. परिणाम खरा आहे. पण तो लहान आहे, ध्वनी सोडण्याच्या लयीनुसार तो उत्तेजक किंवा शामक ठरतो आणि कवटीचा हिशेब चुकवला, तर तो सापडतच नाही, असे आजचे चित्र आहे.

भारतापुढील प्रश्न

या इतिहासाचा भारताशी संबंध केवळ रामन-नाथ यांच्यापुरता नाही. कवटीबाहेरून वापरायचे यंत्र लहान असते, स्वस्त होत जाते आणि त्याला शस्त्रक्रियागृह लागत नाही. म्हणजे ते मोठ्या रुग्णालयांबाहेर झपाट्याने पसरू शकते. ज्या देशात मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ मोजक्या शहरांत एकवटले आहेत, तिथे हे वरदान ठरेल. तिथेच फसवणुकीलाही सर्वाधिक वाव असेल. कारण टोपी घालून बसलेल्या रुग्णाला आत काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि आशा व अपेक्षा यांनीही काही काळ बरे वाटते.

श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र समाजात काय करू शकते, हे भारताने एकदा फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. सोनोग्राफीने असंख्य मातांचे प्राण वाचवण्यास हातभार लावला. त्याच यंत्राने मुलीचा गर्भ ओळखून नाकारण्याची सोय केली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तोपर्यंत यंत्रे गावोगावी पोहोचू लागली होती. नियम यंत्राच्या मागून आले. मेंदूच्या बाबतीत ते आधी येऊ शकतात, कारण बरीचशी चौकट तयार आहे. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. औषधचाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे २००९ पासून सक्तीचे आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत मेंदूचे आजार आणि विकार यांचा उल्लेख आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारावरील मेंदूशस्त्रक्रियेसाठी रुग्णाची संमती आणि मंडळाची मान्यता या दोन्ही अटी घातल्या आहेत.

या शेवटच्या तरतुदीतच एक उद्याचा वाद दडलेला आहे. तीव्र मंत्रचळावर, म्हणजे एकच विचार वा कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकारावर, ध्वनीने मेंदूतील तंतू जाळण्याच्या चाचण्या दक्षिण कोरिया आणि कॅनडा येथे झाल्या आहेत. सुरी न वापरता केलेली ही कृती शस्त्रक्रिया मानायची की नाही? ऊती जाळली जाते म्हणून मानायची, तर मंद ध्वनीने एखादे केंद्र तासभर शांत ठेवणे कोणत्या रकान्यात घालायचे? कायदा लिहिताना डोळ्यांपुढे सुरी होती. हात न लावता मेंदू बदलणाऱ्या साधनासाठी ती व्याख्या पुरेशी आहे का, याची चर्चा यंत्रे दुकानांत येण्याआधी व्हायला हवी.

फ्रायने १९५८ मध्ये ज्या केंद्रावर ध्वनी सोडला, त्याच केंद्रावर २०२५ मध्ये माणसाची कवटी न उघडता तो सोडता आला. मधल्या ६७ वर्षांत नेम धरण्याचे कौशल्य अफाट वाढले. पण या क्षेत्राला दोनदा योग्य वाटेवर आणले ते पाण्यात ठेवलेल्या एका रिकाम्या कवटीने आणि काही बहिऱ्या प्राण्यांनी. उद्या एखाद्या शहरातील दवाखान्यात ध्वनीने नैराश्य घालवणारी टोपी दाखवली जाईल, तेव्हा रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारायचे प्रश्नही त्याच जातीचे आहेत. ध्वनी बंद ठेवून नुसती टोपी घातलेल्या रुग्णांचे काय झाले? त्यांना आपली टोपी बंद आहे हे कळले होते का? आणि हा हिशेब कुठे नोंदवला आहे? ज्याच्याकडे याची उत्तरे असतील, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ज्याच्याकडे फक्त चित्रे असतील, त्याला डुसिकच्या चित्रांची गोष्ट सांगावी.